आतोबांचं देणं

आमचं घर डोळ्यांवर पोसलेलं. अण्णा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये होते. 1928 पासून तिथे नोटा छापल्या जातात. छापून आलेल्या कागदावर शाई कुठे पसरली, रेघ कुठे तुटली, आकडा कुठे सरकला, हे शोधून काढायचं त्यांचं काम. थोरले काका, म्हणजे तात्या, निफाडला द्राक्षबाग करायचे. आत्या येवल्याला दिलेली. आतोबा पैठणी विणायचे. तिन्ही कामांत हाताच्या आधी डोळा लागतो, आणि तरीही डोळे तपासून घ्यायचे असतात हे आमच्याकडे कोणाच्या गावी नव्हतं. दात ठणकला की माणूस डॉक्टरकडे जातो. डोळा ठणकत नाही. तो मुकाट्याने कमी होत जातो आणि माणूस त्या कमीपणाशी जुळवून घेत राहतो.

माझा डावा डोळा असाच जाणार होता. तो राहिला तो आतोबांमुळे.

संक्रांतीला येवल्यात पतंगांचा उत्सव असतो. त्या दिवसांत आम्ही पोरं आत्याकडे असायचो. सगळे गच्चीवर, मी मात्र बऱ्याचदा खाली मागाजवळ, कारण मला मांजा धरता यायचा नाही. वर गेले की भावंडं हसायची. आतोबा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेले असत. पदराचा मोर किंवा पोपट विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी लागते. त्या कांड्या त्यांच्या हाती द्यायचं काम त्यांनी मला दिलं. मी कांडी पुढे करायचे आणि त्यांची बोटं पोचायच्या आधीच सोडून द्यायचे. कांडी खड्ड्यात पडायची. पुन्हा दिली, पुन्हा पडली. आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "धांदरट आहे गं बाई." आतोबा काही बोलले नाहीत. त्यांनी काम थांबवलं, मला जवळ ओढलं, आपला तळवा माझ्या उजव्या डोळ्यावर ठेवला आणि पदराकडे बोट करून विचारलं, "इथं काय आहे, सांग."

मला हिरवं दिसत होतं. तो पोपट होता हे मला सांगता आलं नाही.

रात्री ते अण्णांना म्हणाले, "मेव्हणे, पोरीच्या डाव्या डोळ्यात काम नाही. नाशिकला नेऊन दाखवा. उद्या-परवा करू नका."

आतोबा चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते. पण एक वस्तू जवळ की लांब हे दोन डोळ्यांनी मिळूनच नीट कळतं, हे त्यांना त्यांच्या धंद्याने शिकवलं होतं. रेशमाच्या एका तारेच्या अलीकडे की पलीकडे यावर त्यांचा सगळा दिवस चाले. ज्या गोष्टीला घरच्यांनी वेंधळेपणा म्हटलं, तिच्यात त्यांना डोळा दिसला. मला आजही वाटतं की लहान मुलाला धांदरट, आळशी, अभ्यासात ढ म्हणण्याआधी एकदा त्याच्या एकेका डोळ्यावर हात ठेवून पाहावं. त्याला पैसे पडत नाहीत.

रविवार कारंज्याजवळ एका वाड्याच्या माडीवर डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. साल 1968. भिंतीवर देवनागरी अक्षरांचा तक्ता, वर भलंमोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. हॉलंडच्या स्नेलेन नावाच्या डॉक्टरांनी 1862 साली असा तक्ता पहिल्यांदा काढला आणि अजून जगभर तीच पद्धत चालते. उजव्या डोळ्याने मी शेवटची ओळ वाचली. डाव्याने फक्त सगळ्यात वरचं अक्षर. 6/60. म्हणजे धड डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसावं, ते मला सहा मीटरवर आल्याशिवाय दिसत नव्हतं. आई रडायला लागली. तिला वाटलं डोळा फुटला.

डॉक्टरांनी तीन दिवस डोळ्यांत घालायला मलम दिलं आणि नंतर अंधाऱ्या खोलीत एका छोट्या दिव्याचा उजेड बुबुळावर इकडून तिकडे फिरवत, समोर भिंगं बदलत नंबर काढला. मला एकही प्रश्न विचारला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण "लेकराला अजून बोलता येत नाही, अक्षरं येत नाहीत, मग तपासणार कसं?" असं मी आजही आयांच्या तोंडून ऐकते. उजेडाची ती छाया कुठल्या दिशेने सरकते यावरून डॉक्टरला नंबर कळतो. तान्ह्या बाळाचाही काढता येतो.

डोळा फुटला नव्हता. त्याला जन्मापासून मोठा नंबर होता, उजव्याला नव्हता. मेंदूकडे एका डोळ्यातून स्वच्छ चित्र जात होतं, दुसऱ्यातून धूसर. मेंदूने धूसर चित्र घेणंच सोडून दिलं. अशा डोळ्याला आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करत नाही, कारण एका डोळ्याने त्याचं सगळं भागतं आणि दोन डोळ्यांनी जग कसं दिसतं हे त्याला माहीतच नसतं. डॉक्टर अण्णांना म्हणाले, "सातव्या-आठव्या वर्षापर्यंत आणलंत तर बहुतेक जमतं. पुढे फार अवघड होत जातं." मी सहा पूर्ण केली होती.

उपचार ऐकायला सोपा आणि करायला जाच. चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून वाईट डोळ्याला कामाला लावायचं. रोज. शाळेत मुलं मागे लागायची. दवाखान्यात गेले की मी पट्टी ओढून काढायचे. तेव्हा डॉक्टरांनी मला त्र्यंबकेश्वरच्या एका माणसाची गोष्ट सांगितली.

धुंडिराज गोविंद फाळके. 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेले. 1911 मध्ये मुंबईत गिरगावच्या एका तंबूत त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपल्या देवांचा असा चित्रपट आपण काढायचाच, हे डोक्यात घेतलं. मग रोज चार-पाच तास चित्रपट पाहणं, रात्री घरी मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रं पाडणं, झोप जेमतेम तीन तास. डोळे गेले. दोन्ही. ज्याला चित्रपट काढायचा त्यालाच दिसेना. डॉक्टर प्रभाकर यांनी त्यांच्यावर उपचार केले, तीन-चार चष्म्यांच्या आधाराने दृष्टी परत आली, आणि 1912 च्या सुरुवातीला तोच माणूस कॅमेरा आणायला आणि विद्या शिकायला लंडनला गेला. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढे त्यांनी नाशिकलाच आपला कारखाना थाटला आणि 1944 मध्ये इथेच देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे सहली जातात. दादासाहेबांना सगळा देश ओळखतो. डॉक्टर प्रभाकरांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मला ते सहाव्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून हिंदुस्थानचा कुठलाही चित्रपट पाहताना मला ते आठवतात. मी पट्टी ओढणं बंद केलं असं नाही, पण कमी केलं. "त्यांना तीन-चार चष्मे होते, तुला एकच आहे," असं डॉक्टर म्हणाले होते.

डोळा सुधारत गेला. पूर्ण नाही. आजही डाव्याने खालच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. पण सुईत दोरा ओवता येतो, जिन्याच्या पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत.

त्याच दवाखान्यातला एक प्रश्न आमच्या साऱ्या कुळावर उपकार करून गेला. माझा चष्मा लिहून देताना डॉक्टरांनी सहज विचारावं तसं अण्णांना विचारलं, "घरात कोणी म्हातारपणी आंधळं झालं होतं?" अण्णा म्हणाले, "आमची आई. मोतीबिंदू होता. शिबिरात काढला, जाड भिंगाचा चष्माही दिला, पण दिसलं नाही. वय झालं होतं." डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मोतीबिंदू काढूनही दिसलं नाही, म्हणजे मागची नस आधीच गेलेली असणार, काचबिंदू असू शकतो, आणि तो रक्तात उतरतो, असं ते म्हणाले. आईबापांना, सख्ख्या भावाबहिणीला असेल तर माणसाला तो होण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पट असते. "चाळिशी आली की दर वर्षी दाब मोजायचा. दिसतंय की नाही हे बघू नका. दिसत असतानाच या."

दिसत असतानाच या! हे वाक्य अण्णांनी प्रेसच्या हजेरीसारखं पाळलं. माझा नंबर तपासायला जायचं त्याच दिवशी त्यांचाही डोळा. आडवं झोपवून, बधिर करणारा थेंब टाकून, वजनाचं एक छोटं यंत्र डोळ्यावर अलगद टेकवलं जायचं. काटा किती सरकला यावरून दाब कळायचा. साधारण 10 ते 21 हा नेहमीचा. मग काळ्या कापडाच्या पडद्यासमोर बसवून, मधल्या खुणेवरून नजर न हलवता, कडेकडेने फिरणारा पांढरा ठिपका कुठे दिसतो आणि कुठे नाहीसा होतो हे सांगायचं. पुष्कळ वर्षं काही निघालं नाही. शेजारी म्हणायचे, कशाला हेलपाटे घालता. 1978 साली दाब वाढलेला निघाला आणि नाकाच्या बाजूला एका ठिकाणी ठिपका दिसेना. अण्णांना स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं. नोटेवरची केसाएवढी तुटलेली रेघ त्यांना आदल्या दिवशीपर्यंत दिसत होती.

थेंब सुरू झाले. तेव्हाचे थेंब दिवसातून चार वेळा घालावे लागत. भुवईजवळ दुखायचं आणि बाहुली इतकी बारीक व्हायची की संध्याकाळी घर अंधारं वाटायचं. जेवणाच्या डब्याबरोबर थेंबांची बाटली प्रेसमध्ये जायची. त्यांनी नोकरी पुरी केली, निवृत्त झाले आणि शेवटच्या आजारापर्यंत सकाळचा पेपर स्वतः वाचला.

तात्यांचं तसं झालं नाही, आणि हे लिहिताना मन जड होतं. अण्णांनी निफाडला निरोप पाठवले, पत्रं लिहिली. तात्या म्हणायचे, "मला तर मण्यावरची भुरी दिसते." खरंच दिसायची. द्राक्षाच्या घडाची विरळणी करताना कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा, हे ते साठीच्या वयात बिनचष्म्याच्या पोरांपेक्षा चटकन ओळखायचे. काचबिंदूची हीच रीत आहे. तो कडेने खात येतो आणि मधलं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. समोरचा मणी दिसतो, शेजारची ताणलेली तार दिसत नाही. तात्या मांडवाच्या तारांना धडकू लागले. मग बांधावरून पाय सुटू लागला. ऑक्टोबरच्या छाटणीत एकदा शेजारून आलेली बैलगाडी त्यांना दिसलीच नाही. तेव्हा कुठे ते नाशिकला आले. एका डोळ्याची नस जवळजवळ गेली होती, दुसऱ्यात मधला एक बोगदा उरला होता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. शस्त्रक्रिया झाली ती राहिलेलं राखायला. एका आईचे दोन मुलगे, एकच आजार. एकाला डॉक्टर कटकट म्हणून तरी दर वर्षी भेटत होते.

त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. दक्षिण भारतात गावोगाव फिरून जेव्हा डोळ्यांच्या पाहण्या झाल्या, तेव्हा काचबिंदू निघालेल्या दहांतल्या नऊ जणांना तो आपल्याला आहे हे तोवर माहीतच नव्हतं. तात्या त्या नवांतले. नंतर बागेत येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे, "डोळ्याचा दाब मोजलास का?" आमच्या पिढीतले निम्मे लोक डॉक्टरांच्या सांगण्याने नाही, तात्यांच्या त्या विचारण्याने दवाखान्यात गेले. तेही एक देणंच.

आतोबांकडे परत यायला हवं. चाळिशी ओलांडली आणि त्यांनाही जवळचं दिसेनासं झालं. ते सगळ्यांनाच होतं. डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळच्या वस्तूवर नेम धरता येत नाही. ज्याचं पोट हातभर अंतरावरच्या धाग्यावर आहे त्याच्यासाठी तो पगार कापला जाण्यासारखा प्रकार. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या खुडणी कामगारांना जवळचा चष्मा देऊन पाहणी केली गेली, 2018 मध्ये ती प्रसिद्ध झाली. चष्मा मिळालेल्यांची खुडणी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त भरली. चहाच्या पानाला हे, तर पैठणीच्या तारेला किती! आतोबांनी आठवडी बाजारातून तयार चष्मा घेतला आणि त्यावर वर्षं काढली. त्या चष्म्याला मी वाईट म्हणणार नाही, त्याने त्यांचा माग चालू ठेवला. पण बाजारातला चष्मा दाब मोजत नाही, डोळ्याच्या आतला पडदा बघत नाही. चाळिशी लागते त्याच वयात काचबिंदू आणि मधुमेह दबा धरून असतात, आणि चष्मा घेतला की माणसाला वाटतं डोळ्याचं काम झालं.

पुढे त्यांचे रंग फिके पडू लागले. जांभळा आणि काळा यांत गोंधळ होऊ लागला, तसं त्यांनी विणणं बंद केलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. मला आत्याच्या पत्रातून कळलं. मी तेव्हा नोकरीला होते. येवल्याला गेले आणि म्हटलं, "आतोबा, उद्या-परवा करायचं नाही." ते हसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सुदैवाने तो नव्वदीच्या दशकाचा मधला काळ होता. मोतीबिंदूचा मोठा सरकारी प्रकल्प 1994 पासून ज्या सात राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता आणि आजीला मिळालेल्या जाड चष्म्याऐवजी डोळ्यातच भिंग बसवण्याची पद्धत आपल्याकडे रुळत होती. पट्टी काढली त्या दिवशी त्यांनी आत्याच्या अंगावरचं लुगडं धरून काठ निरखला आणि म्हणाले, "हा काठ माझा नाही, याची वीण सैल आहे." त्यानंतर बरीच वर्षं ते मागावर बसले. मी त्यांचं ऋण फेडलं असं काही जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. त्यांनी माझा डोळा न सांगता ओळखला होता, मला मात्र आत्याच्या पत्राने सांगावं लागलं.

माझा स्वतःचा मधुमेह बावन्नाव्या वर्षी निघाला. साखरेची गोळी सुरू झाली त्याच आठवड्यात मी पडदा तपासून घेतला. हे पुष्कळांना ठाऊक नसतं: मोठ्या वयातला मधुमेह कळतो तेव्हा तो कधीपासून आहे हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून पहिली तपासणी लगेच आणि मग दर वर्षी. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही, उजेड टोचतो. एवढाच त्रास. एका वर्षी पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसले. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. साखर आणि रक्तदाब आवरला आणि ते तिथेच थांबले.

आणि नात. तिच्याबद्दल थोडक्यात. एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, दीड किलोचीही नाही. घरात सगळ्यांचं लक्ष वजनाकडे. एका सिस्टरने फाइलच्या वर लाल शाईने तारीख लिहिली आणि लेकीला सांगितलं, "ताई, बाळ घरी गेलं तरी या तारखेला डोळे दाखवायचेच." चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल तर तिसाव्या दिवसापर्यंत पडद्याची पहिली तपासणी व्हावी लागते, कारण पडद्याच्या रक्तवाहिन्या अजून पूर्ण वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर काही आठवड्यांत पडदा सुटून बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. वेळेत कळलं तर लेझरने वाचतं. तपासण्या होत राहिल्या आणि नातीच्या रक्तवाहिन्या आपोआप नीट वाढल्या. काही निघालं नाही. त्या सिस्टरचं नाव मी विचारून ठेवलं आहे. काही न निघालेल्या तपासणीचंही ऋण असतं. अण्णांची ती "उगाच"ची वर्षं आठवली की ते पटतं.

भाऊबीजेला आम्ही चुलत-आते भावंडं निफाडला जमतो. सगळे पन्नाशी-साठीतले, आजीच्या रक्तातले. फराळानंतर मी विचारते, कोणाचा दाब कधी मोजला. तात्यांच्या धाकट्याचा दोन वर्षांपूर्वी 26 निघाला. आता थेंब रात्री एकदाच घालावा लागतो, त्याची बायको आठवण करते. त्याच्या दोन्ही मुलांची पहिली तपासणी झाली आहे. आत्याच्या मुली दर वर्षी येवल्याहून एकत्र येतात, एकाच दिवशी तपासून घेतात आणि मेन रोडला खरेदी करून परत जातात. सुरतेचा चुलतभाऊ तेवढा राहिला आहे. त्याला आपलं छान दिसतंय असं वाटतं आणि गाडीही तोच चालवतो. माघात पुतणीच्या लग्नाला तो नाशिकला येणार आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहाची वेळ मी त्याच्या नावाने घेऊन ठेवली आहे, आणि त्याच्या बायकोला सांगितलं आहे की परतताना गाडी तिने चालवायची.